लाल डोळा: ‘कॅप्रिका’ सुरू होईपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

२१ मार्च २००९

प्रकल्प: ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या विज्ञानकथा-मालिकेत माणसांवर उलटलेले यंत्रमानव म्हणजे सायलॉन, त्यांचा फिरता लाल डोळा, मुखवट्यासकट, टीव्हीशेजारच्या शेल्फवर मावेल एवढा. मुदत: त्या मालिकेची पूर्वकथा ‘कॅप्रिका’ टीव्हीवर सुरू होईल ती रात्र. ती २०१० मध्ये आहे एवढंच कळलंय. पायलट, म्हणजे पहिला भाग, मात्र पुढच्या महिन्यात २१ तारखेला डीव्हीडीवर येतोय. पायलट आधी विकायचा आणि मालिका कित्येक महिन्यांनी दाखवायची, हा प्रकार विचित्रच आहे. मला चालतोय.

काल रात्री ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ संपली. शेवटावरून नवऱ्याचा आणि माझा वाद झाला. त्याला देवदूत पटले नाहीत. मलाही पटले नाहीत, पण मी चालवून घेतले. अगदी शेवटी मात्र मालिका दीड लाख वर्षांची उडी मारून आजच्या न्यूयॉर्कमध्ये, टाइम्स स्क्वेअरला येते आणि आपल्या काळातले खरेखुरे यंत्रमानव दाखवते, तिथे वाद थांबला. यंत्रं उलटल्यावर माणसांचं काय झालं, हे या मालिकेनं पोटभर सांगितलं. ती बनवली तेव्हा बनवणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हे नाही सांगितलं. ‘कॅप्रिका’ ते सांगणार आहे. माझं पोटापाण्याचं काम चिप तपासायचं आहे, त्यामुळे मला लढायांपेक्षा या प्रश्नात जास्त रस.

२९ मार्च

नवऱ्याचं म्हणणं: शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीची वाट काय बघायची? माणसांच्या बारा वसाहती बेचिराख होणार, जेमतेम पन्नास हजार माणसं जहाजांत बसून पळणार. संपलं.

यावर माझं उत्तर १९७८ सालात आहे. ग्लेन लार्सन यांनी एबीसी वाहिनीसाठी काढलेल्या मूळ मालिकेत सायलॉन ही सरपटणाऱ्या प्राण्यांची एक जात होती. ती जात नामशेष झाली आणि तिनं घडवलेली यंत्रं मागं राहिली. माणसाचा यात संबंध काय, तर मार खाण्यापुरता. २००३ मध्ये गॅलॅक्टिका नव्यानं सुरू करणाऱ्या मिनी-मालिकेत रॉनल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी ते सरडे काढून टाकले आणि सुरुवातीच्या अक्षरांतच सांगितलं की सायलॉन माणसानं बनवले. बाकीचे बदल लोकांनी जास्त गाजवले (स्टारबक हा वैमानिक नव्या मालिकेत बाई झाला म्हणून केवढा गहजब!), पण मोठा बदल हा होता. त्यामुळेच पूर्वकथेत काही अर्थ उरला. सरड्यांच्या कारखान्याची पूर्वकथा कोणी पाहिली असती? माणसानं बनवले म्हटल्यावर मात्र कोणत्या माणसानं, कुठल्या टेबलावर, कोणासाठी, हे विचारता येतं.

या घराण्यातला हा पहिला स्पिन-ऑफ (एका मालिकेतून फुटलेली दुसरी) नाही, हेही लिहून ठेवते. मूळ मालिका एका सीझनमध्ये बंद पडल्यावर १९८० मध्ये तिचंच शेपूट म्हणून ‘गॅलॅक्टिका १९८०’ आणली होती. ताफा पृथ्वीवर पोचलेला, उडत्या मोटरसायकली, अचाट शक्ती असलेली शाळकरी पोरं. दहा भागांत गुंडाळली. मी त्यातले काही भाग पाहिलेत. कोणी पाहू नयेत.

११ एप्रिल

पहिली मांडणी ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय भाग खोचायची पाटी): ठरावीक वेळानं ठोका देणारा ५५५ टायमर, प्रत्येक ठोक्याला पुढचं आउटपुट चालू करणारा ४०१७ काउंटर, सहा लाल एलईडी. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना गणपतीच्या मखरासाठी रनिंग लाइट करायचो तेच सर्किट. सुटे भाग तेव्हा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आणायचे. इथे सॅन होजेत ते टपालानं येतात आणि भाव करायला समोर कोणी नसतं.

४०१७ ला दहा आउटपुट. पहिले सहा जाताना, उरलेले चार येताना. मधल्या चार एलईडींना दोन-दोन आउटपुट जोडावे लागतात, तेव्हा एका आउटपुटचा करंट दुसऱ्यात घुसू नये म्हणून आठ १एन४१४८ डायोड.

चालतं. पण हा डोळा नव्हे, हे मांडवावरचं तोरण झालं. ठिपका एका जागी विझतो, दुसऱ्या जागी पेटतो. डोळ्याला मागं शेपटी हवी. फिलामेंटचा बल्ब विझायला वेळ घेतो, त्यामुळे बल्बच्या रांगेत ती शेपटी आपोआप येते. एलईडी क्षणात विझतो, त्याला शेपटी शिकवावी लागते.

(या फिरत्या दिव्याला हौशी लोक ‘लार्सन स्कॅनर’ म्हणतात, ते याच ग्लेन लार्सनवरून. सायलॉननंतर १९८२ मध्ये त्यांनी तोच दिवा ‘नाइट रायडर’मधल्या गाडीच्या नाकावर बसवला.)

२५ एप्रिल

पायलट पाहिला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा पाहिला.

‘पतनाच्या (म्हणजे बारा वसाहतींच्या नाशाच्या) ५८ वर्षं आधी’ अशी पाटी येते आणि पुढे अंतराळाचा पत्ता नाही. गाड्या, हॅट, सिगारेटी, तळ्याकाठचं काचेचं घर. कॅप्रिका म्हणजे बारा वसाहतींतला सुबत्तेनं सुस्तावलेला ग्रह, चित्रण अर्थातच व्हँकुव्हरला. संगीत बेअर मॅक्रिअरी यांचंच, पण गॅलॅक्टिकातले दणदणीत ढोल गेले आणि तंतुवाद्यं आली. पहिल्या दहा मिनिटांतच समजतं की ज्यांना व्हायपर विमानांची झुंज हवी आहे ते लोक चिडणार. चिडू देत.

गोष्ट दोन बापांची. डॅनियल ग्रेस्टोन (एरिक स्टोल्झ) हा बडा उद्योगपती, डोक्याला लावून आभासी जगात जायचा होलोबँड त्याच्या कंपनीचा. जोसेफ ॲडम्स (इसाय मोरालेस) हा वकील. मूळचा टॉरॉन या दुसऱ्या वसाहतीचा, कॅप्रिकात टॉरॉनी लोकांकडे हलक्या नजरेनं बघतात म्हणून आडनाव बदलून राहणारा. खरं आडनाव अडामा. आगगाडीत बाँब फुटतो. ग्रेस्टोनची मुलगी झोई जाते, ॲडम्सची बायको आणि मुलगी जाते. बाँब फोडणारा झोईचाच मित्र, एका देवाला मानणाऱ्या गुप्त पंथातला.

आता माझ्या कामाचा भाग. झोईनं मरण्याआधी आभासी जगात स्वतःची प्रतिकृती करून ठेवलेली असते. कशातून? मेंदू उघडून नव्हे, तर माणूस जगताना मागं जे सोडतो त्यातून: दवाखान्याचे रिपोर्ट, शाळेचे निकाल, ई-मेल, खरेदीच्या पावत्या, सुरक्षा कॅमेऱ्यांची चित्रं. ते सगळं गोळा करून झोईचा प्रोग्रॅम मधल्या फटी भरतो. हे ऐकताना मी डीव्हीडी थांबवली. माझ्याबद्दलची एवढी माहिती आजही कुठे-कुठे साठलेली आहे, फक्त ती एका ठिकाणी आणणारी झोई नाही.

दुसरीकडे ग्रेस्टोनच्या प्रयोगशाळेत यू-८७ हा लढाऊ यंत्रमानव आहे. सैन्याचं कंत्राट अडलंय, कारण चाचणीत तो धड नेमही धरू शकत नाही. तो नेम धरायला लागतो तो चोरीच्या चिपमुळे. टॉरॉनच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा प्रोसेसर, ॲडम्सच्या गुंड नातलगांमार्फत आणलेला. म्हणजे माणूसजातीचा शेवट करणारी वस्तू तीन गोष्टींतून जन्मली: बापाचं दुःख, सरकारी कंत्राटाची मुदत आणि चोरीचा माल. मला हे फार खरं वाटलं. मुदत डोक्यावर आली की ‘हे चालतंय का’ एवढंच विचारलं जातं. ‘हे का चालतंय’ हे नंतर बघू म्हणून ठेवतात आणि ते नंतर कधी येत नाही.

सगळ्यात चांगला प्रसंग मात्र ॲडम्सचा. त्याला मेलेल्या मुलीची प्रतिकृती भेटवतात. ती घाबरलेली आहे, कारण तिला स्वतःच्या हृदयाचे ठोके जाणवत नाहीत. तो तिथून पळ काढतो. ग्रेस्टोन पळत नाही. दोघांमधला एवढाच फरक, आणि पुढची ५८ वर्षं त्यावर उभी आहेत.

आवडलं नाही ते: आभासी क्लबमधला धिंगाणा. तरुण पिढी बिघडली हे दाखवायला इतकी नग्नता आणि रक्त कशाला? डीव्हीडी खपवायला, हे उत्तर मला माहीत आहे.

२ मे

आज सोल्डरिंग नाही. तक्ता केला. वसाहतींवरचा शेवटचा हल्ला म्हणजे शून्य, तिथून मागं मोजायचं. उणे ५८ ला ‘कॅप्रिका’, उणे ५२ ला पहिलं सायलॉन युद्ध, उणे ४० ला तह. म्हणजे यू-८७ उभा राहिल्यापासून युद्ध पेटेपर्यंत मालिकेच्या हातात सहा वर्षं आहेत. भरपूर झाली.

अडचण विली अडामाची. पायलटमधला जोसेफचा मुलगा, अकरा वर्षांचा, पुढे हाच गॅलॅक्टिका या युद्धनौकेचा कमांडर होणार असं धरून आपण पाहतो. अकरात अठ्ठावन्न मिळवले की शून्याला तो ६९ वर्षांचा. कमांडरची भूमिका करणारे एडवर्ड जेम्स ओल्मोस यांचा जन्म १९४७ चा, मिनी-मालिका आली तेव्हा ते ५६ चे. बरं, तिथे कमांडर निवृत्तीलाच आलेला असतो, तेव्हा ओढूनताणून बसवता येईल. पण २००७ च्या ‘रेझर’ या गॅलॅक्टिका-चित्रपटात युद्धाच्या शेवटच्या दिवशी अडामा हा नवखा पोरगेला वैमानिक आहे. या हिशेबानं तो तेव्हा २९ चा हवा. २९ चा नवखा?

शक्यता तीन. लेखकांनी हिशेब केलाच नाही. किंवा वसाहतींचं वर्ष आपल्या वर्षाएवढं नाही. तिसरी नवऱ्यानं चहा पिता पिता टाकली: हा विली तो विलीच नव्हे. मी म्हटलं, इतकं चतुर कोणी नसतं. तरी पेन्सिलनं लिहून ठेवली आहे.

२० मे

फॉक्सनं ‘टर्मिनेटर: द सारा कॉनर क्रॉनिकल्स’ बंद केली. दोनच सीझन. यंत्राच्या आत कोणी आहे का, हा प्रश्न नेटानं विचारणारी तीच एक मालिका सध्या चालू होती. ‘कॅप्रिका’बद्दलची माझी धाकधूक वाढली. लढाया असूनही ती टिकली नाही. हिच्यात तर लढायाच नाहीत.

३१ मे

काल सॅन मटेओच्या मेकर फेअरला, म्हणजे हौशी कारागिरांच्या जत्रेला, सगळे गेलो. एलईडीचं अजीर्ण होईल इतके एलईडी. निर्णय झाला: ४०१७ रद्द. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि टीएलसी५९४० (एलईडी चालवायची चिप) वापरायचा. आर्डुइनोला स्वतःचे पीडब्ल्यूएम पिन (दिवा कमी-जास्त प्रखर करणारे) सहाच, प्रत्येकी ८ बिट. टीएलसी५९४० ला सोळा वाहिन्या, प्रत्येकी १२ बिट, म्हणजे प्रकाशाच्या ४०९६ पायऱ्या. त्या कशाला लागतात ते चिप आल्यावर लिहीन.

सासूबाई गेल्या आठवड्यात साताऱ्याहून आल्या, सहा महिने आहेत. जेवणाच्या टेबलावरची सोल्डरिंगची इस्त्री, पक्कड आणि तारा बघून म्हणाल्या, “जेवायचं कुठं तेवढं सांगा.”

१३ जून

सासूबाईंना गॅलॅक्टिका दाखवायचा बेत नव्हता. मी मुखवट्याचं माप घ्यायला दुसऱ्या सीझनची डीव्हीडी लावली होती आणि त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“अगं, ही गायत्री ना?”

“हो, आई.”

“आणि ती विमानं कसली?”

शीर्षकसंगीत रिचर्ड गिब्ज यांचं, आणि बाई खरोखरच गायत्री मंत्र गाते. ब्रिटनमध्ये पहिल्या सीझनपासून, इथे अमेरिकेत दुसऱ्यापासून. सासूबाई पूर्ण ऐकून म्हणाल्या, “म्हणतात बरं. पण अंघोळ करून म्हणतात का?” मग खुर्ची ओढून बसल्याच.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पायलटही पाहिला त्यांनी (क्लबचे प्रसंग नवऱ्यानं रिमोट हातात ठेवून पुढे ढकलले). मी भीत होते की धर्माचा भाग समजावताना नाकीनऊ येतील. वसाहतीतले लोक अनेक देव मानतात, आणि ‘देव एकच’ म्हणणारे तिथे कडवे, संशयास्पद, चोरून भेटणारे. पुढे सायलॉन एकाच देवाचे भक्त निघतात ते यांच्याकडूनच आलेलं असणार, हा मालिकेचा खरा धागा. अमेरिकन प्रेक्षकाला इथे डोकं उलटं करून बघावं लागतं. सासूबाईंना काहीच समजवावं लागलं नाही. अनेक देव असणं हे त्यांना घरचंच. त्यांचा आक्षेप वेगळाच निघाला: “दहावं-बारावं काही केलंच नाही त्या पोरीचं. बाप दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरपुढं. मग आत्मा अडकणारच कुठंतरी.”

माझ्या वहीत ग्रेस्टोनवर चार पानं आहेत. त्यांतलं काही या दोन वाक्यांपुढे टिकलं नाही.

२७ जून

टीएलसी५९४० लागली. तारा नोंदवून ठेवते (आकडे आर्डुइनोच्या पिनचे), पुढे शोधत बसायला नको: घड्याळ १३ वर, डेटा ११ वर, ब्लँक १०, लॅच ९, ग्रेस्केल घड्याळ ३. ब्लँकला दहा किलोओमचा पुल-अप रोध, म्हणजे चालू करताना सगळे दिवे एकदम भपकन लागत नाहीत. करंट ठरवायला एकच रोध, २.२ किलोओम, त्यानं प्रत्येक वाहिनीला अठरा मिलिअँपिअरच्या आसपास मिळतो. सोळाच्या सोळा लागले तरी तीनशेच्या आत. चिप करंट खाली ओढते, वर ढकलत नाही. म्हणून सगळ्या एलईडींचे लांब पाय पाच व्होल्टला.

आता शेपटी. मधला दिवा पूर्ण, मागचे क्रमानं मंद. सरळ हिशेबानं मंद केले तर चुकीचं दिसतं: शेपटी बराच वेळ लख्ख राहते आणि टोकाला पटकन तुटते. कारण आपला डोळा प्रकाश सरळ मोजत नाही. अंधारातला थोडासा फरक त्याला मोठा दिसतो, उजेडातला मोठा फरक थोडा. त्यासाठी आकड्यांचा तक्ता करून घातला, घातांक २.५. ‘निम्मा उजेड’ दिसायला ४०९५ चे निम्मे नव्हे, साधारण ७२४ द्यावे लागतात. दहावा हिस्सा दिसायला १३. हेच ८ बिटांत केलं असतं तर त्या १३ च्या जागी एकसुद्धा आला नसता, शेपटीचं टोक गायबच. बारा बिट यासाठी.

रात्री दिवे घालवून चालवलं. आता तो बघतो.

८ जुलै

काल साय-फाय वाहिनीनं आपल्या नावाचं स्पेलिंग बदललं. उच्चार तोच, अक्षरं वेगळी, म्हणे नाव नोंदवता यावं म्हणून. विज्ञानकथेच्या वाहिनीला विज्ञानकथेचं नाव जड झालं. ‘कॅप्रिका’ या नव्या पाटीखाली येणार.

१ ऑगस्ट

गती. दोन पद्धती करून पाहिल्या. एकीत टोकाजवळ वेग कमी होतो, वळून पुन्हा वाढतो. दुसरीत वेग एकसारखा, टोकाला आपटून परत. लेकीला दोन्ही दाखवल्या आणि काहीच सांगितलं नाही. पहिलीला ती म्हणाली, “याला झोप आलीय.” दुसरीला मागं सरकली. सजीव डोळा वळताना रेंगाळतो. हा रेंगाळत नाही, म्हणून भीती वाटते. दुसरी ठेवली. वेग फिरवायला बाहेर एक बटण.

२३ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. एप्रिलमधलं ४०१७ चं सर्किट सासूबाईंच्या हुकुमावरून मखरात गेलं. लाल काढून पिवळे एलईडी लावले. उत्तम दिसतंय. त्याचा जन्मच त्यासाठी होता.

४ ऑक्टोबर

शुक्रवारी ‘स्टारगेट युनिव्हर्स’ सुरू झाली, तोही स्पिन-ऑफच. रॉबर्ट कार्लाइल झकास. पण हलता कॅमेरा, अंधारी जहाजं, एकमेकांवर डाफरणारी माणसं: हे सगळं गॅलॅक्टिकाकडून उसनं आणलंय आणि स्वतःचा हसरा स्वभाव विकून आणलंय. ‘कॅप्रिका’नं नेमकं उलटं केलं आहे. आईसारखं दिसायचं नाही असं ठरवून ती निघाली आहे. त्याची किंमत मोजावी लागेल कदाचित. तरी स्पिन-ऑफ काढायचा तर असा.

१ नोव्हेंबर

‘द प्लॅन’ हा गॅलॅक्टिका-चित्रपट मंगळवारी डीव्हीडीवर आला. दिग्दर्शन ओल्मोस यांचं. जुन्याच घटना सायलॉनांच्या बाजूनं, बरीच दृश्यंही जुनीच. मधल्या फटी बुजवल्यात, पण त्या फटी मला बोचत नव्हत्या. कोणी कुठे कसा पोचला हे कळून माझं काही भागत नाही.

सासूबाई परवा गेल्या. निघताना विमानतळावर म्हणाल्या, “ते जानेवारीत लागलं की फोन कर. त्या पोरीचं काय करतात ते सांग.”

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगची सुट्टी मुखवट्यात गेली. १९७८ चा सेंच्युरियन (सायलॉनांचा यांत्रिक सैनिक) निवडला. नव्या मालिकेतले सेंच्युरियन संगणकावरच बनलेले, त्यांचे कंगोरे जाड कागदात आणणं माझ्या हातचं नाही. जुना सपाट पत्र्यांचा, आत माणूस उभा करण्यासाठी घडवलेला. आणि त्याला हक्कही आहे: मिनी-मालिकेत गॅलॅक्टिकावरच्या संग्रहालयात जुन्या युद्धातला म्हणून तोच आकार उभा आहे. वंशावळीत तो यू-८७ च्या नंतर आणि आजच्याच्या आधी.

पेपाकुरा या सॉफ्टवेअरनं आकार उलगडून जाड कागदावर छापला, कापला, जोडला, आतून कापडाच्या पट्ट्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात बुडवून थर दिले. फायबरग्लास आणि रेझिन वापरतात, पण अपार्टमेंटमध्ये तो वास नको. मग फिलर, घासकाम, पुन्हा फिलर, पुन्हा घासकाम. क्रोम रंगाचा स्प्रे उघड्या राखाडी प्रायमरवर मारला की ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा रंग येतो. खाली आधी काळा चकचकीत थर हवा आणि तो पूर्ण सुकलेला हवा. वर बोट लावायचं नाही, कधीच नाही. लावलं की तेवढी चमक जाते.

डोळ्याच्या खाचेत लाल ॲक्रिलिक, मागे ट्रेसिंग पेपर. एलईडीचे गोल माथे बारीक पॉलिश पेपरनं घासून धुरकट केले आणि पट्टी काचेपासून मागे सरकवली. ठिपके मिसळून एक वाहता पट्टा झाला.

बातमी: जेन एस्पेन्सन यांनी ‘कॅप्रिका’चा रोजचा कारभार सोडला, केविन मर्फी बघणार. एस्पेन्सन लेखनाकडे लक्ष देणार म्हणे. एकही भाग टीव्हीवर लागला नाही आणि सारथी बदलला. ही खूण चांगली नाही. पहिल्या प्रक्षेपणाची तारीख मात्र ठरली आहे: २२ जानेवारी, शुक्रवार.

२० डिसेंबर

पायलटच्या शेवटी झोईची प्रतिकृती यू-८७ मध्ये जाते. बापाला वाटतं ती नष्ट झाली, पण ती आत जागी असते. मग माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना: तिचा डोळा कसा फिरत असेल? यंत्राचा डोळा सगळीकडे सारखा फिरतो, कारण त्याला कशातच रस नाही. आत मुलगी असेल तर डोळा थांबेल. कोणावर तरी थांबेल.

तेव्हा दुसरा मोड. शार्पचा इन्फ्रारेड अंतरमापक बसवला, १० ते ८० सेंटिमीटर. कोणी समोर आलं की डोळा मध्यावर येऊन थांबतो, थोडा मंद होतो, मग पुन्हा फिरू लागतो. मापकाची एक खोड आहे: दहा सेंटिमीटरच्या आत गेलं की व्होल्टेज पुन्हा पडतं आणि त्याला वाटतं माणूस लांब गेला. म्हणून तो मुखवट्याच्या हनुवटीत खोल बसवला. तिथून दहाच्या आत कोणाचं नाक पोचणार नाही. वाचन थरथरतं, शेवटच्या आठ वाचनांची सरासरी घेतली.

नवरा पाणी प्यायला उठला आणि अंधारात डोळा त्याच्याकडे बघत थांबला. यावरचं त्याचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

१६ जानेवारी २०१०

आठवडा उरला. गॅलॅक्टिका न पाहिलेल्या दोन मैत्रिणी येणार आहेत. त्यांना आधी काय सांगायचं यावर घरात चर्चा. मी म्हणते काहीच सांगायचं नाही. त्यांना ही फक्त दोन घरांची गोष्ट दिसली पाहिजे, पुढची राख नको. खरं तर मला त्यांचा हेवा वाटतो. त्या ग्रेस्टोनला ‘बिचारा बाप’ म्हणून बघू शकतील. मला तो टेबलाजवळ गेला की ओरडावंसं वाटतं.

२३ जानेवारी

काल झालं एकदाचं. पायलट तोच, क्लबचे प्रसंग टीव्हीसाठी कापलेले, आणि कापल्यानं काहीही बिघडलं नाही. डोळा शेल्फवर पूर्ण वेळ चालला. जाहिरातींच्या वेळी खायला उठणाऱ्या प्रत्येकावर तो थांबत होता. ८० सेंटिमीटर आमच्या दिवाणखान्याला जास्त होतात, मर्यादा ४० वर आणली.

दोन मैत्रिणींपैकी एकीला कंटाळा आला. “रोबो उठतो तिथं सुरू होतंय, तोवर काय?” दुसरी ॲडम्सची मुलगी हृदयाच्या ठोक्यांचं बोलली तेव्हा उठून बाल्कनीत गेली. मालिकेचं भवितव्य पहिलीसारख्यांच्या हातात आहे, हे मला कळतं.

सासूबाईंना सकाळी फोन केला. त्यांच्याकडे रात्र. “पोरगी अजून यंत्रातच?” हो म्हटलं. “मग आता शाळेचं कसं?” हा प्रश्न मूर यांना कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

विलीच्या वयाची पेन्सिलची नोंद तशीच आहे, खोडण्यासारखं काही कळलं नाही. २९ तारखेच्या भागाचं नाव ‘रीबर्थ’. झोई आत जागी असताना यू-८७ मान कशी वळवतो आणि नजर किती वेळ ठेवतो, ते घड्याळ लावून बघायचं आणि प्रोग्रॅममध्ये थांबायचा काळ त्याप्रमाणे बदलायचा. तोवर तीन सेकंद.